मादाम बेरोंच्या टेबलावरचा खजूर

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे नद्यांची, झाडांची आणि पावाची वर्णनं वाचताना कुणाची फसवणूक व्हायला नको. सप्टेंबरात मी मुलीला, रेवाला, फ्रान्समधल्या ल्यों शहरात शिकायला सोडायला गेलो होतो. तिथल्या एका प्राध्यापिकेच्या टेबलावर मी खजुराचा डबा ठेवला आणि त्या बाईंनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. उत्तर एका शब्दाचं होतं. त्यापायी रेवाचं एक वर्ष जायची वेळ आली, आणि त्याहून वाईटही काही घडलं. ते क्रमाने येईलच.

इथल्या, शारजाच्या मराठी मंडळातल्या मित्रांनी "फ्रान्सवर काहीतरी लिही" म्हणून आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर असणार. मी तो पाहिला नाही. पॅरिसला गेलोच नाही. फ्रान्स मी बराचसा रांगेत उभा राहून पाहिला, आणि उरलेला एका बाकावर बसून.

शारजा

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप फिटिंगच्या कंपनीत खरेदी विभाग बघतो. कागदावर काम खरेदीचं, प्रत्यक्षात संबंध सांभाळण्याचं. रमजान आला की खजुराचे डबे, वर्ष संपलं की डायऱ्या आणि खजुराचे डबे, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं की नुसतेच खजुराचे डबे. सप्लायर, क्लायंट, क्लिअरिंग एजंट, कुणाला वगळायचं नाही. याला लाच म्हणत नाहीत. कुणी काही मागत नाही, आम्हीही काही मागत नाही. फक्त पुढच्या वेळी फोन केला की पलीकडचा माणूस नाव ऐकून "अरे, बोला बोला" म्हणतो. या "बोला बोला"वर मी वीसेक वर्षं पगार घेतला आहे.

रेवा शारजातच जन्मली आणि वाढली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. शाळेत तिने फ्रेंच घेतलं आणि ते तिला आवडूनच गेलं. पुढे ल्योंच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला. शिकवणं सगळं फ्रेंचमधून. प्रवेशाचं कळलं त्या दिवशीच तिने सांगितलं होतं, "बाबा, आय कॅन गो अलोन." मी म्हणालो, "फक्त सेटल करून येतो." आणि वर्षाची सगळी रजा टाकली.

बायकोने, म्हणजे मंजिरीने, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला बांधून दिला. खजूर मात्र माझी कल्पना. आमच्या बिल्डिंगखाली दाऊदभाईंचं सुक्या मेव्याचं दुकान आहे. मूळचे दापोलीकडचे, रेवा त्यांना चाचा म्हणते. फ्रान्सला चाललोय म्हटल्यावर त्यांनी वरच्या फळीवरून सोनेरी डबा काढला. झाकणावर उठावाचा ससाणा, आत मखमल. असल्या डब्यात माणूस घड्याळ असेल असं समजतो.

"अरे, साहेब गोरा असू दे नाहीतर काळा," दाऊदभाई म्हणाले, "खजूर खाल्ला की तोंड गोडच होणार ना? यल्ला, घेऊन जा."

रेवाला कळू नये म्हणून डबा मी माझ्या बॅगेत, शर्टांच्या खाली ठेवला. चूक इथेच लक्षात यायला हवी होती. सरळ गोष्टी आपण शर्टांच्या खाली ठेवत नाही.

ल्यों, पहिला आठवडा

ल्योंमध्ये दोन नद्या आहेत. वाळवंटात राहणाऱ्या माणसाला एक नदी पाहूनच भरून येतं. दुसरी मला उधळपट्टी वाटली. नदीकाठच्या दगडी पायऱ्यांवर पोरं-पोरी पाण्याच्या दिशेने पाय सोडून बसतात, आणि त्यांना तिथून कुणी उठवत नाही. पलीकडे टेकडीवर पांढरं चर्च, खाली जुन्या गावाची कौलं. कौलं पाहून मला उगाच आपलं वाटलं. मी झाडांचे इतके फोटो काढले, की मंजिरीने विचारलं, रेवा यात कुठे आहे?

रेवाला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली होती. तिथे पालकांना राहू देत नाहीत, म्हणून मी दोन रस्ते सोडून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेतली. पहिल्या सकाळी पाव आणायला गेलो. "वन ब्रेड," मी म्हणालो. दुकानातली बाई म्हणाली, "बोंझूर." मी म्हणालो, "येस, वन ब्रेड." ती पुन्हा म्हणाली, "बोंझूर, मस्यू," आणि हात बांधून उभी राहिली. माझ्या मागे रांग वाढत होती आणि त्या रांगेतलं कुणीच माझ्या बाजूने नव्हतं. शेवटी मी बोंझूर म्हणालो, तेव्हा तिचा चेहरा उमलला आणि पाव मिळाला. शारजात मी चहाच्या कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवतो आणि दाट दुधाचा करक चहा खिडकीशी येतो. त्या माणसाला मी आजवर नमस्कार केलेला नाही. हॉर्नलाच मी नमस्कार समजत आलो.

रविवारी सगळं बंद. शारजात खालच्या ग्रोसरीला फोन केला की एक लिंबूसुद्धा आठव्या मजल्यावर येतं. इथे अख्ख्या गल्लीत लिंबू नव्हतं. एक अल्जेरियन दुकानदार तेवढा उघडा सापडला. मी उत्साहाने अरबीत सुरू झालो. माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास, इन्शाल्ला, हबीबी आणि शुक्रान. हे शब्द मी निरनिराळ्या क्रमाने वापरले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्रेंचमध्ये रेवाला काहीतरी विचारलं. ती हसायला लागली. तो विचारत होता, तुझे वडील अरब देशात सुट्टीवर जाऊन आलेत का?

किमतींचं तर विचारूच नका. कॉफीचा कप पाहिला की मी आधी दिरहम करायचो आणि मग रुपये, तेही मोठ्याने. रुपयांपर्यंत पोचेतो कॉफी गार. "बाबा, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग," रेवा म्हणायची. तिच्या आवाजात तेव्हा अजून हसू होतं.

बँकेत, वसतिगृहाच्या कचेरीत, विद्यापीठात, सगळीकडे मी तिच्याबरोबर. खिडकीतल्या माणसाने तिला नाव विचारलं की मी सांगायचो. जन्मतारीख विचारली की मी सांगायचो. विद्यापीठाच्या कार्डाच्या खिडकीवरच्या बाईने शेवटी रेवाला फ्रेंचमध्ये काही विचारलं. मी म्हणालो, काय म्हणते?

"शी इज आस्किंग, आर यू ऑल्सो टेकिंग ॲडमिशन."

मी हसलो. रेवा हसली नाही. तरी पुढच्या खिडकीवर मी पुन्हा पुढे होतो.

दुसरा आठवडा

परदेशातून आलेल्या मुलांची तिथे सुरुवातीलाच फ्रेंचची लेखी परीक्षा असते. पास झालं तर थेट पहिल्या वर्षात. नाहीतर अख्खं वर्ष नुसती भाषा शिकायची आणि रसायनशास्त्र पुढच्या वर्षी. पेपर तपासणाऱ्या बाई मादाम बेरो. कडक आहेत, पण फेअर आहेत, असं मुलं म्हणत होती. मी फक्त "कडक आहेत" एवढंच ऐकलं.

रेवा पेपर देऊन आली. कसा गेला? "ओके." आमच्या घरात ओकेचा अर्थ मी नेहमीच वाईट असा घेत आलो आहे. त्या संध्याकाळी ती मला जुन्या गावात जेवायला घेऊन गेली. तिथला नावाजलेला पदार्थ म्हणजे माशाचा लगदा अंड्यात फेटून उकडतात आणि सॉसमध्ये सोडतात. उकडीचा मोदक सारण विसरून रश्श्यात पडावा तसा. नंतर गुलाबी साखरेचा टार्ट, ज्याचा रंग आपल्याकडे फक्त जत्रेत दिसतो. रेवा मित्रमैत्रिणींबद्दल, प्रयोगशाळेबद्दल बोलत होती. माझं लक्ष त्या ओकेकडे.

दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत असताना मी शर्टांच्या खालून डबा काढला.

मादाम बेरोंची खोली लहान, पुस्तकांनी भरलेली. या वेळी मी बोंझूर म्हणायला विसरलो नाही आणि त्याचं मला फार कौतुक वाटलं. बाईंना इंग्रजी येत होतं. मी सांगितलं, मी रेवाचा बाबा, एमिरेट्सहून आलो, परीक्षा तुमच्याकडे आहे असं कळलं, आमच्याकडची ही छोटीशी भेट. आणि ससाणा त्यांच्याकडे तोंड करून राहील असा डबा ठेवला. हे मी हमरियात शिकलोय.

बाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या मुलीला माहीत आहे का, तुम्ही इथे आलाय ते?"

मी म्हणालो, "येस."

का म्हणालो, याचा मी नंतर खूप विचार केला. "नाही" म्हटलं असतं तर चोरून आलेला बाप दिसलो असतो. "हो" म्हटल्यावर भेट घरातर्फे दिल्यासारखी वाटते. खरेदी विभागात माणसाची बुद्धी अशी चालते. बाईंनी दोन बोटांनी डबा परत माझ्याकडे सरकवला आणि दार उघडून धरलं.

आता डबा लपवायला हवा होता. मी नदीकाठच्या बाकावर बसून खजूर खायला सुरुवात केली. चांगला खजूरही एका मर्यादेनंतर शिक्षा होतो. उरलेला हंसांना टाकला. हंसांनी वास घेतला आणि पाठ फिरवली. रिकामा डबा कचऱ्यात टाकायला गेलो तर एक आजीबाई धावत आल्या आणि मला बराच वेळ फ्रेंचमध्ये झापलं. तो डबा पुनर्वापराच्या पिवळ्या पेटीत टाकायचा होता म्हणे. त्या दिवसभरात माझी चूक कुणीतरी तोंडावर सांगितली ती एवढीच, आणि तीही पेटीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाला मेल आली. विद्यार्थिनीला माहीत असताना परीक्षकाला भेटवस्तू देण्यात आल्यामुळे तिचा पेपर बाजूला ठेवला आहे, तिने येऊन भेटावं. मी तिच्या खोलीत भाजणीचं थालीपीठ लावत होतो. तिने फोन माझ्यासमोर धरला.

मी गॅस बारीक केला आणि समजावून सांगायला लागलो. आपली पद्धत आहे, आपण कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. त्यांचा गैरसमज झालाय. तू एक मेल लिही, भारतीय संस्कृतीबद्दल दोन ओळी टाक, मसुदा मी करून देतो.

ती म्हणाली, "दॅट्स नॉट आवर कल्चर, बाबा. दॅट्स युअर पर्चेस डिपार्टमेंट."

खरं होतं. माझे वडील कोरेगावजवळच्या आमच्या गावी मास्तरांना भेटले ते एकदाच, आणि तेही एवढंच सांगायला, की चुकला तर हवं तेवढं मारा. मास्तरांना त्यांनी पाण्याचा पेलाही दिल्याचं मला आठवत नाही. पण मी त्या क्षणी अख्ख्या महाराष्ट्राला माझ्या मागे उभं केलं होतं.

विद्यापीठाकडे जाताना ती चिडलेली होती, पण घाबरलेली नव्हती. तिला वाटत होतं, आत जाऊन सांगायचं की मला काहीच माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनी परस्पर केलं. आणि झालं. मी तिला वाटेत अडवून खरं सांगू शकलो असतो. ट्राममध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, चांगला वेळ होता. मी खिडकीतून झाडं पाहत राहिलो.

आवारात मोठ्या पानांची झाडं आहेत, त्यांची पानं पिवळी पडून गळायला लागली होती. मी बाकावर थांबलो. ती बाहेर आली ती सावकाश.

"यू टोल्ड हर आय न्यू."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली. तिने सांगितलं, आता तिचा पेपर धरणार नाहीत. सोमवारी दुसऱ्या दोन प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा. माझं विमान शनिवारी होतं. मग तिने मराठीत विचारलं. ती माझ्याशी मराठीत सहसा बोलत नाही, त्यामुळे एकेक शब्द शोधून ठेवल्यासारखा आला.

"बाबा, शाळेत पण द्यायचास का तू?"

अकरावीत दुबईच्या एका फ्रेंच स्पर्धेसाठी शाळेतून तिची निवड झाली होती. तिथे तिला बक्षीस मिळालं, त्यावरून तिला या शिक्षणाचं वेड लागलं, त्यावरून हे शहर. ती त्या निवडीबद्दल विचारत होती, हे मला तत्काळ कळलं.

"कुणाला?" मी म्हणालो. वेळ काढायला.

ती उठून गेली.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी मी पुन्हा मादाम बेरोंकडे गेलो, हात रिकामे. सांगितलं, माझी मुलगी यात नव्हती, मी खोटं बोललो. त्या म्हणाल्या, तिने ते कालच सांगितलं आणि आपल्याला ते पटलं होतं. तोंडी परीक्षा मात्र होईल, नियम आहे. मग त्यांनी पुढचा कागद ओढला. मी तिथे आणखी थोडा वेळ उभा होतो, कारण कुणीतरी मला काही सुनावावं अशी माझी इच्छा होती. त्यांना वेळ नव्हता.

शनिवारी रेवा मला विमानतळाच्या ट्रामपर्यंत सोडायला आली. माझी बॅग तिने उचलली, पाण्याची बाटली भरून दिली, सगळं नीट केलं. मला माफी मागायची होती. उशिरा गेलेल्या मालाबद्दल मी वर्षानुवर्षं माफीच्या मेल लिहितो आहे, त्यामुळे शब्दांची टंचाई नव्हती. मी म्हणालो, "जे झालं त्यामुळे तुला जो काही त्रास झाला असेल, त्याबद्दल मला वाईट वाटतं."

"ओके, बाबा," ती म्हणाली. ट्राम आली.

पुन्हा शारजा

दाऊदभाईंना मी खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "त्या डब्यात खजूर कुठला भरला होता मी? साधाच ना? महागातला अजवा द्यायला हवा होता." माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्याचं सार याहून थोडक्यात कुणी सांगितलं नसतं.

मंजिरी वेगळंच बोलली. चहा पुढे ठेवून तिने विचारलं, "तू तिला सॉरी म्हणालास की मेल पाठवलीस?" मी तिला ट्रामच्या फलाटावरचं माझं वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मेलच," आणि आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, की अकरावीच्या त्या वर्षी अत्तराची बाटली शाळेत तूच घेऊन गेला होतास, मला आठवतं.

पुढचं सांगण्याआधी निकाल सांगून टाकतो. सोमवारी रेवाची तोंडी परीक्षा झाली आणि ती थेट पहिल्या वर्षात गेली. मी तिच्यासाठी काहीही केलेलं नसताना तिने मिळवलेली ही पहिली गोष्ट, निदान माझ्या माहितीतली. पण मी लिहितोय ते आदल्या दिवसाबद्दल, आणि तेव्हा यातलं काही ठरलेलं नव्हतं. ती पास झाल्यावर माफी मागणं मला स्वस्त पडलं असतं, आणि नापास झाल्यावर मी तिला माझंच सांत्वन करायला लावलं असतं.

रविवारी दुपारी मी घरातून निघून कॉर्निशला, म्हणजे खाडीकाठच्या रस्त्यावर, गाडी लावली. एसी चालू ठेवला. बाहेर खाडीचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं, माणूस कुठेच नव्हता. काय बोलायचं ते मी मनाशी जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी वाक्य "त्याचं असं झालं" इथून सुरू व्हायचं. शेवटी काही न जुळवता फोन लावला. ती वसतिगृहाच्या तळघरात कपडे धूत होती. मागे मशीन फिरत असल्याचा आवाज येत होता.

"येस, बाबा."

मी म्हणालो, "तू बाकावर विचारलंस त्याचं उत्तर द्यायचंय."

मशीनचा आवाज लांब गेला. ती बाहेर जिन्यात आली असावी.

"हो," मी म्हणालो. "शाळेतही डबे दिले. दर वर्षी, सगळ्या टीचरना. स्पर्धेच्या वर्षी फ्रेंचच्या टीचरना अत्तरही दिलं, निवडीच्या आधी. तू त्याशिवायही निवडली गेली असतीस का, ते मला माहीत नाही. आणि आता ते तुलाही कधी कळणार नाही. तुझ्याकडून ते मी काढून घेतलं. मादामना मी खोटं सांगितलं तेव्हा तुझी अब्रू वाचवत नव्हतो, माझी वाचवत होतो. ट्राममध्ये सांगता आलं असतं, तेव्हाही गप्प बसलो. तू कमी पडशील असं मी कायम धरून चाललो, रेवा, आणि त्याला काळजी म्हणत आलो. त्याचं असं झालं, तसं झालं, काही नाही. मी चुकलो. मला माफ कर."